शंभर एमबीची चूक

संगणकातल्या बूट फायली, म्हणजे विंडोज सुरू करणाऱ्या फायली, गहाळ झाल्या, असे मी सुरुवातीला सगळ्यांना सांगत होतो. खरे म्हणजे त्या मीच पुसल्या होत्या. डिस्कवरची जागा आवरताना 100 एमबीचे, ड्राइव्हचे अक्षरही नसलेले एक पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग, दिसले. विंडोजचे स्वतःचे साधन ते काढू देईना, म्हणून मी दुसरे सॉफ्टवेअर आणून ते काढले. पुढच्या वेळी यंत्र सुरू केले, तेव्हा काळ्या पडद्यावर बूट करण्याजोगी डिस्क सापडत नसल्याची एक ओळ तेवढी उमटली. यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या संगणकात विंडोज सुरू करणाऱ्या फायली ज्या छोट्या, फॅट32 या फाइल-साठवण पद्धतीच्या पार्टिशनमध्ये असतात, ते नेमके हेच होते.

दुसऱ्या संगणकावर 8 जीबीचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह तयार करून मी यंत्र त्यावरून सुरू केले. स्टार्टअप रिपेअर या विंडोजच्या आपोआप दुरुस्ती करणाऱ्या साधनाने बराच वेळ घेऊन हात टेकले. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करण्याच्या खिडकीत) बूटरेक या बूट दुरुस्तीच्या साधनाची फिक्सएमबीआर ही कमांड दिली. तिने काम यशस्वी झाल्याचे कळवले, पण फरक काहीच पडला नाही, कारण यूईएफआय एमबीआरमधला (डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या भागातला) बूट कोड वाचतच नाही. जुन्या यंत्रांवरचा हा उपाय आजही जो तो सुचवतो, आणि त्यापायी माझा तासभर गेला.

शेवटी डिस्कपार्ट हे पार्टिशन करण्याचे साधन उघडून मोकळ्या पडलेल्या जागेत 100 एमबीचे ईएफआय (म्हणजे बूट फायलींचे) पार्टिशन नव्याने केले, ते फॅट32मध्ये फॉरमॅट केले आणि त्याला एस हे अक्षर दिले. इथे मी फसणारच होतो: पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर ड्राइव्हची अक्षरे बदलू शकतात, आणि माझे विंडोज सी नव्हे तर डी ड्राइव्हवर दिसत होते. फोल्डरांची यादी दाखवणाऱ्या डीआयआर कमांडने विंडोज आणि युजर्स हे फोल्डर डोळ्यांनी पाहून घेतल्यावरच मी बूट फायली तयार करणाऱ्या बीसीडीबूट कमांडला डी ड्राइव्हवरचे विंडोज फोल्डर, एस ड्राइव्ह आणि यूईएफआय हा प्रकार सांगितला. दोन-तीन सेकंदांत बूट फायली तयार झाल्याचा संदेश आला. (डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सांकेतिक कुलपाने बंद असती, तर आधी 48 अंकी रिकव्हरी की शोधावी लागली असती.)

पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू केले, तेव्हा बूटच्या यादीत विंडोज बूट मॅनेजर परत आला होता आणि थोड्याच वेळात लॉगिनचा पडदा उघडला. डेस्कटॉपवर ते पार्टिशन पुसणारे सॉफ्टवेअर तसेच होते. सर्वांत आधी मी ते काढून टाकले.