तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री साडेअकराला टीव्ही कशासाठी?

इथे अमेरिकेत मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी विचारतंच, अगं तू अजून जागून टीव्हीवर कोल्बेर, किमेल यांचे ते राजकारण्यांची टिंगल करणारे कॉमेडी शो बघतेस? सकाळी चहा पिता पिता यूट्यूबवर मिळतात की क्लिपा. पुण्याहून दादाचंही तेच. मी दर वेळी "सवय आहे" म्हणून विषय संपवते आणि घरी येऊन चिडचिड करते, कारण सवय हे कारण नाहीचे.

क्लिपांशी माझं वाकडं नाही. 2014 ला जॉन ऑलिव्हरचा असाच शो एचबीओ चॅनलवर सुरू झाला, त्यातले मोठमोठे सेगमेंट यूट्यूबवर फुकट यायला लागले, तेव्हा सगळ्या ग्रुपवर लिंका टाकणारी मीच होते, आणि आजही टाकीन. पण क्लिप म्हणजे तासाभरातली चालणारी दहा मिनिटं. शेवटी येणारा, नावही न ऐकलेला नवा कॉमेडियन मला भेटतो तो केवळ टीव्ही चालू राहिला म्हणून. 2024 मध्ये पैसे वाचवायला सेथ मायर्सच्या अशाच शोमधला बँड गेला, फॅलनचा शो आठवड्यातनं चार रात्रींवर आला. क्लिपा बघणाऱ्या किती जणांना हे कळलं?

आता 23 सप्टेंबर 2025 ची रात्र. ट्रम्पसमर्थक कार्यकर्ता चार्ली कर्क याच्या हत्येनंतर किमेल मोनोलॉगमध्ये, म्हणजे शोच्या सुरुवातीच्या भाषणात, जे बोलला त्यावरून वादंग झालं, एफसीसी म्हणजे टीव्ही स्टेशनांना लायसन्स देणारं सरकारी खातं, त्याच्या अध्यक्षांनी एका पॉडकास्टवर थेट स्टेशनांच्या लायसन्सपर्यंत विषय नेला, नेक्स्टार आणि सिंक्लेअर या गावोगावची लोकल स्टेशनं चालवणाऱ्या कंपन्या शो दाखवणार नाही म्हणाल्या, आणि 17 तारखेला किमेलच्या एबीसी चॅनलने शो बेमुदत थांबवला. 23 ला तो परत येणार होता. आम्ही व्हर्जिनियात राहतो, आमच्या भागातलं एबीसीचं लोकल स्टेशन दाखवणार नाही हे आधीच जाहीर झालेलं, मला माहीत होतं, तरी बसले. अकरा पस्तीस झाले आणि बातम्याच चालू राहिल्या. नवरा म्हणाला, बंद कर आता. मी नाही केला.

का ते सांगते. या देशात नवीन आले तेव्हा मला यातल्या निम्म्या जोकना हसूच यायचं नाही, कोण सेनेटर, कुठल्या राज्यात काय चाललंय, काही पत्ता नसायचा. हेच शो बघत बघत कळायला लागलं. आणि सगळ्यात नवल कशाचं वाटायचं तर राष्ट्राध्यक्षाची आज टीव्हीवर मनसोक्त टिंगल होते आणि उद्या तोच माणूस त्याच वेळेला परत टिंगल करायला येतो, कुणाला त्यात विशेष काही वाटत नाही. त्या रात्री आमच्या घरात तो आला नाही. मला फार अपमान वाटला, आणि भीतीही.

मग दादाने लिंक पाठवली, पुण्यात सकाळ होती. "बघ, आम्हाला मिळालं." फोनवर बघितलं. बोलता बोलता किमेलचा आवाज भरून आला, मलाही रडू आलं. इतक्या ठिकाणी दिसला नाही तरी त्या रात्री टीव्हीवर 62 लाखांच्या वर लोकांनी तो बघितला, यूट्यूबवर तर त्याहून जास्त. दादा म्हणाला, म्हणजे यूट्यूबनेच वाचवलं ना? हो, वाचवलं. लायसन्स स्टेशनला लागतं, यूट्यूबला नाही, तिथे एफसीसीचा हात पोचत नाही. पण अरे, असा शो बनवणाऱ्या दोनशे माणसांचे पगार यूट्यूब देतं का?

कोल्बेरचं बघा. त्या वेळेच्या शोंमध्ये रेटिंगला पहिला, तरी जुलै 2025 मध्ये त्याच्या सीबीएस चॅनलने सांगून टाकलं की मे 2026 ला शो संपणार, कारण निव्वळ आर्थिक. तीनच दिवस आधी त्याने मालक कंपनी पॅरामाउंटने ट्रम्पना त्यांनी लावलेल्या दाव्यात कबूल केलेल्या 1 कोटी 60 लाख डॉलर्सच्या तडजोडीला लाच म्हटलं होतं. लोक मला विचारतात यातलं खरं काय. मला दोन्ही खरं वाटतं, जाहिरातींचा पैसा फोनकडे गेलाय हेही आणि मालक घाबरलेत हेही, आणि तोट्यातला शो असला की घाबरलेल्या मालकाला तो बंद करणं सोपंच जातं.

दादाचं म्हणणं, असाच शो करणारा कोनन ओब्रायन 2021 ला टीव्हीवरचा शो सोडून गेला, त्याचं पॉडकास्ट झकास चाललंय, बाकीचेही तसंच करतील. करतील. मीही ऐकते कोननला. पण त्याचं पॉडकास्ट त्याला मानणारेच लावणार, टीव्हीवर मात्र बातम्यांनंतर चॅनल बदलायचं राहिलं म्हणून न मानणाराही बघायचा. यावर दादा विचारतो, हल्ली असं चुकून बघतंय तरी कोण? त्याला अजून माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून भांडण चालूच आहे.