स्विफ्टची दोन बटणांची चावी: काम कुठवर आलंय

सध्या टेबलावर मारुती स्विफ्टची सरळ पात्याची, दोन बटणांची जुनी चावी आहे. लॉकच्या बटणावरचं रबर फाटून आत गेलंय, कव्हर कडीपाशी तडकलंय आणि पातं झिजून गुळगुळीत झालंय. जोडीची दुसरी चावी हरवलेली आहे. तेव्हा दोन कामं आहेत: ही चावी नीट करायची आणि हरवलेलीच्या जागी नवी करून घ्यायची. पहिलं बरंचसं झालंय, दुसरं अर्ध्यावर आहे.

कुठलाही भाग विकत घेण्याआधी बिघाड कशात आहे ते ठरवा. अशा चावीत तीन स्वतंत्र गोष्टी एका कव्हरात बसवलेल्या असतात: पातं, इमोबिलायझरची (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) चिप आणि रिमोट. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दार बटणाने उघडत नाही पण इंजिन सुरू होतं, तर दोष रिमोटचा. स्टार्टर फिरतो पण इंजिन पेट घेत नाही आणि मीटरमधला इमोबिलायझरचा दिवा लुकलुकतो, तर चिप वाचली जात नाहीये. चावी आत जाते पण हलवल्याशिवाय फिरत नाही, तर पातं किंवा लॉक झिजलंय. सेल संपला म्हणून गाडी सुरू होईना, असं या प्रकारच्या चावीत होत नाही. चिपला सेल लागतच नाही. इग्निशन लॉकभोवतीच्या कॉइलमधून १२५ किलोहर्ट्झच्या लहरींवर तिला वीज मिळते आणि तेवढ्यावर ती उत्तर देते. एकाच कडीत दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असली तर मात्र वाचण्यात गोंधळ होऊ शकतो. शंका आली की आधी चावी एकटी लावून बघा.

सेल. मागचा छोटा स्क्रू काढला की कव्हर उघडतं आणि आत रिमोटची वेगळी डबी मिळते. सेल कुठला ते जुन्या सेलवरचा आकडा वाचूनच ठरवा. सीआर १६१६ आणि सीआर १६२० दोन्ही १६ मिलिमीटर व्यासाचे, पण पहिला १.६ मिलिमीटर जाड आणि दुसरा २.०. जाड सेलच्या जागी पातळ बसवला की रिमोट कधी चालतो, कधी नाही. उलट केलं तर संपर्काची पत्ती वाकून बसते आणि पुढे योग्य सेलही सैल राहतो. नुसता मल्टिमीटर लावून ३ व्होल्ट दिसले म्हणून सेल चांगला समजू नका. बटण दाबून धरून मोजा. दाबताच आकडा २.५ च्या खाली घसरला तर सेल बदला. सेल कडेने धरा, बोटांचा तेलकटपणा संपर्कावर राहतो.

स्विच. इथे सेल ठीक होता, तरी लॉकचं बटण दहा दाबांत दोनदा लागत होतं. बोर्डावरच्या स्विचला मल्टिमीटर लावला. अनलॉकचा स्विच दाबला की एक ओहमच्याही खाली, लॉकचा दाबला की कधी काहीशे ओहम, कधी काही किलो ओहम. आतली पत्ती झिजली की असंच दिसतं. असा स्विच स्वच्छ करत बसू नका, थोड्या दिवसांत पुन्हा तेच होतं.

नवा स्विच घेताना लांबी-रुंदीइतकीच उंची महत्त्वाची. जुना स्विच व्हर्नियरने मोजा, दांडीसकट. अर्धा मिलिमीटर उंच निघाला तर कव्हर बंद केल्यावर रबर त्याला कायम दाबून धरतं आणि सेल काही दिवसांत संपतो. बुटका निघाला तर बटण दाबल्याचं बोटाला कळतच नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत असे स्विच सुटे मिळतात. जुना नमुना सोबत न्या आणि चार-पाच एकदम घ्या, पैशांचा प्रश्नच नाही.

काढताना घाई केली की बोर्डावरचा तांब्याचा पॅड उखडतो. एवढंच सांभाळलं तर बाकी काम सोपं. जुन्या जोडांवर आधी फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं रसायन) लावा आणि ६३/३७ चं, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिशाचं, थोडं ताजं सोल्डर चढवा. कारखान्यातलं शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळतं, ६३/३७ १८३ अंशांना. दोन्ही मिसळली की जोड कमी उष्णतेत सुटतो. आयर्न ३३० अंशांवर, एका पायावर तीन सेकंदांहून जास्त नाही, आणि ओढायचं नाही. सगळे पाय मोकळे झाले की स्विच चिमट्याने नुसता उचलला जातो. पॅडवरचं उरलेलं सोल्डर तांब्याच्या वेणीने टिपून घ्या.

नवा बसवताना दिशा बघा. चार पायांच्या स्विचमध्ये दोन-दोन पाय आतून जोडलेले असतात. ९० अंश फिरवून बसवला तर बटण कायम दाबल्यासारखं होतं. सेल घालण्याआधी मल्टिमीटरने एकदा तपासा: न दाबता उघडं, दाबल्यावर बंद. शेवटी ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि मऊ ब्रशने फ्लक्स साफ करा. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका, रबर आणि कव्हर दोन्ही खराब होतात. या चावीचं लॉक आता प्रत्येक दाबाला लागतंय.

स्विच, सेल, जोड सगळं ठीक असून रिमोट मुका असेल तर लहरी निघतायत का ते बघा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचे रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात. लॅपटॉपला आरटीएल-एसडीआरचा डोंगल (रेडिओ लहरी पकडणारा यूएसबी रिसीव्हर) लावला की बटण दाबताच पडद्यावरच्या आलेखात टोक उठताना दिसतं. टोक उठलंच नाही, किंवा बरंच बाजूला उठलं, तर पडल्याने लहरींची वारंवारता ठरवणारा क्रिस्टल तुटला असण्याची शक्यता मोठी.

पावसात भिजलेल्या रिमोटचं पहिलं काम सेल काढणं. पाण्यापेक्षा पाण्यातून वाहणारी वीज तांबं खाते. मग उघडून अल्कोहोलने धुवा आणि पंख्याखाली वाळवा. तांदळाच्या डब्यात ठेवून हिरवा गंज निघत नाही.

चिप. नवं कव्हर घालून गाडी सुरू होत नाही, अशा तक्रारीमागे बहुतेक वेळा चिप जुन्या कव्हरात राहून कचऱ्यात गेलेली असते. म्हणून जुनं कव्हर गाडी सुरू होऊन बघेपर्यंत फेकायचं नाही. चिप म्हणजे साधारण १२ मिलिमीटर लांब, ६ रुंद, ३ जाड अशी काळी वडी. काही चाव्यांत ती काचेच्या नळीच्या रूपात असते, काहींत रिमोटच्या बोर्डावरच. वडी खाचेत चिकटवलेली असते. स्क्रू ड्रायव्हरने उपटू नका. हेअर ड्रायरने कव्हर हाताला सोसेल एवढं गरम करा आणि प्लॅस्टिकच्या चपट्या काडीने कडेकडेने सोडवा. या चावीची वडी नव्या फ्लिप कव्हरात (पातं दुमडून आत बसतं अशा) बसवून झाली. ती थेंबभर सिलिकॉनवर बसवली आहे. सुपरग्लू टाळलाय, कारण पुढच्या वेळी काढताना वडीच तडकेल.

पातं. सरळ चावीत पातं कव्हरात घट्ट रुतलेलं असतं, म्हणून नवं कव्हर म्हणजे नवं कोरं पातंही आलं. रस्त्यावरच्या चावीवाल्याकडून झिजलेल्या पात्याची नक्कल काढली तर झीजही नकलेत उतरते. बऱ्याच गाड्यांत खाचेच्या दोन पायऱ्यांमधला फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असतो, त्यात थोडी झीजही जाणवते. गाडीसोबत चाव्यांबरोबर आलेली पट्टी किंवा बिल्ला सापडला, तर त्यावरच्या कोडवरून कापून घ्या. कोडवरची चावी कारखान्याच्या मूळ खोलीची निघते. इथे बिल्ला मिळालाय, पातं कापायला दिलंय. लॉकमध्ये तेल मारू नका, धूळ धरून ते घट्ट होतं. ग्राफाइटची पूड चिमूटभर पुरते.

हरवलेली चावी. इथे बाजारातले दोन मार्ग नीट समजून घ्यावेत. पहिला, क्लोन: आहे त्या चिपची हुबेहूब नक्कल. बऱ्याच गाड्यांत वापरलेल्या हायटॅग २ या पद्धतीची गुप्त किल्ली ४८ बिटांची आहे, आणि २०१२ मध्ये संशोधकांनी ती काही मिनिटांत फोडता येते हे दाखवून दिलं. त्यामुळे अशा चिपची नक्कल स्वस्तात होते. पण क्लोन आणि मूळ चिप या दोन्ही गाडीला एकच चावी वाटतात, म्हणून पुढे एकीची नोंद पुसली की दुसरीही बंद पडते.

दुसरा मार्ग, नवी चिप गाडीच्या यादीत नोंदवणं. गाडीच्या कॉम्प्युटरला यंत्र जोडायच्या डायग्नोस्टिक सॉकेटमधून हे होतं, आणि त्याच बैठकीत हरवलेल्या चावीची नोंद पुसता येते. चावी हरवली असेल, नुसती तुटलेली नसेल, तर हाच मार्ग घ्या. जुन्या गाडीतून काढलेली वापरलेली चिप घेऊ नका, ती पहिल्या गाडीसाठी कुलूपबंद झालेली असते आणि सहसा दुसऱ्या गाडीला लागत नाही. सर्व्हिस सेंटरला जाताना आरसी, ओळखपत्र आणि उरलेल्या सगळ्या चाव्या सोबत ठेवा. पुसताना जी चावी समोर नसेल ती यादीतून जाते. गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या दोन्ही चाव्या मागतात, म्हणून चावी हरवल्याची पोलिसांत नोंद करून तिची प्रत फाइलला लावा.

आता उरलंय ते एवढं: कापलेलं पातं दारात, डिकीत आणि इग्निशनमध्ये फिरवून बघायचं, मग नवी चिप आणि नवा रिमोट नोंदवायचा. फ्लिप कव्हरची स्प्रिंग बसवताना पातं स्वतःहून पूर्ण उघडेल एवढाच पीळ द्यायचा, जास्त दिला की पिनेचं भोक मोठं होतं. नोंदणी झाल्यावर काउंटर सोडण्याआधी प्रत्येक चावीने एकटीने गाडी सुरू करून बघायची, दुसरी चावी गाडीबाहेर कुणाच्या तरी हातात देऊन.