सात-बारा नंबरचा फ्लॅट

“काकी, हो आंबो डिसेंबरात पिकतलो काय?”

२४ एप्रिल २०२५, गुरुवार, संध्याकाळचे पावणेसहा. देवगडला आमच्या घरासमोरच्या खळ्यात ८६ खोकी बांधून तयार होती. टेम्पो साडेसहाला निघायचा होता. लेबलं डकवता डकवता एका गड्याने माझ्या सासूबाईंना हा प्रश्न विचारला आणि आईंनी तिथूनच मला फोन लावला. मी पुण्यात. ऑफिसातून येऊन नुकती चपला काढत होते.

पुतण्याने लेबलाचा फोटो पाठवला. वर ग्राहकाचं नाव बरोबर होतं. त्याखाली फ्लॅटचा नंबर हवा, तिथे इंग्रजीत एक लांबलचक ओळ छापली होती: ‘सन डिसें ०७ २०२५ ००:००:०० जीएमटी+०५३०’, आणि पुढे कंसात भारतीय प्रमाणवेळ. या ओळीने इतकी जागा खाल्ली होती की सोसायटीचं नाव खाली सरकून अर्ध्यावर कापलं गेलं होतं.

“अशी आणखी आहेत का रे?”

“आहेत ना काकू. पण बाकीच्यांवर मे महिन्याच्या तारखा आहेत. आम्हाला वाटलं, आंबा कधी पिकेल ते तुम्ही या वर्षी छापलंय.”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आम्ही झाडावरून काढलेला आंबा कच्चाच पाठवतो, तो घरी पेंढ्यात आठवडा-दहा दिवसांत तयार होतो. २४ एप्रिलला निघालेल्या खोक्यावर ४ मे लिहिलेलं दिसलं तर कुणालाही ते पटेल. डिसेंबर आला म्हणून निदान कुणीतरी अडखळलं.

आता हे काम आधी कसं चालायचं ते सांगते. बाग सासरची आहे. २०२० पर्यंत बहुतेक माल वाशीच्या बाजारात जायचा. त्या साली टाळेबंदीत तो रस्ता अडला, तेव्हा आम्ही ओळखीच्या लोकांना थेट घरपोच आंबा द्यायला लागलो. ओळखीतून ओळखी वाढल्या. ऑर्डर व्हॉट्सॲपवर यायची. मी ती आईंना फोनवर वाचून दाखवायची, त्या लाल कापडी बांधणीच्या वहीत उतरवून घ्यायच्या, आणि वहीतून बघून पुतण्या खोक्यांवर मार्करने पत्ते घालायचा. शिवाय मी तेच सगळं हिशेबासाठी पुन्हा एकदा गूगल शीटमध्ये भरायची. म्हणजे एकच पत्ता तीनदा लिहिला जायचा. २०२४ च्या हंगामात माझे रोजचे चार तास यात जात होते. दिवसभर अकाउंट्सची नोकरी आणि रात्री साडेअकरापर्यंत पत्ते. मे महिन्यात माझ्या मुलाची दहावीची तयारी सुरू होती आणि मी त्याच्याशेजारी बसून पिनकोड टाईप करत होते. त्या वर्षीच ठरवलं की पुढच्या हंगामात हे हाताने करायचं नाही.

दिवाळीनंतर मी गूगलची ॲप्स स्क्रिप्ट शिकायला घेतली. म्हणजे शीटकडून आपोआप कामं करून घ्यायच्या सूचना. ती जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेवर चालते, शीटच्या आतच लिहिता येते आणि वेगळे पैसे पडत नाहीत. ग्राहक फॉर्म भरतो, ऑर्डर शीटमध्ये येते, त्याला पोचपावतीचा मेल जातो, दुपारी लेबलांचं पान तयार होतं आणि डिलिव्हरीची यादी पिनकोडप्रमाणे लागते. एवढं मला हवं होतं. पहिल्या फेरीत मी प्रत्येक ऑर्डरसाठी वेगळं डॉक्युमेंट बनवत होते. स्क्रिप्टला एका वेळी सहाच मिनिटं चालायची मुभा असते. सहा मिनिटं झाली की ती आहे तिथे थांबायची आणि निम्मी लेबलं राहून जायची. मग सगळी लेबलं एकाच डॉक्युमेंटमध्ये घेतली आणि प्रत्येक ऑर्डरपुढे ‘झालं’ असा रकाना केला. आता मध्येच थांबली तरी पुढच्या वेळी ‘झालं’ नसलेल्याच ओळी उचलते आणि एकच लेबल दोनदा निघत नाही. साध्या जीमेल खात्यातून स्क्रिप्टने दिवसाला १०० जणांनाच मेल पाठवता येतो, त्याचाही हिशेब ठेवावा लागतो. हे सगळं रात्री जागून बसवलं आणि मार्चपासून ते खरंच चाललं. चार तासांचं काम अर्ध्या तासावर आलं. मला त्याचा मनापासून आनंद होता आणि आजही आहे.

घोळ झाला तो २० तारखेच्या रविवारी. तोवर पूर्ण पत्ता शीटच्या एकाच घरात (सेलमध्ये) असायचा, लेबलावर तो कसाही तुटायचा. म्हणून मी स्क्रिप्टला सांगितलं, जिथे जिथे स्वल्पविराम असेल तिथे पत्ता तोड आणि तुकडे वेगवेगळ्या घरांत ठेव: फ्लॅट, सोसायटी, भाग, गाव. माझ्याच पत्त्यावर करून बघितलं. आमचा नंबर ‘बी ५०४’. लेबल सुंदर निघालं.

पण अक्षय्य तृतीयेच्या ऑर्डरी भरात आल्या तेव्हा कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीतून एकदम बऱ्याच आल्या. तिथे इमारत आणि फ्लॅट असा नंबर लिहायची पद्धत आहे. चार नंबरच्या इमारतीतला पाचवा फ्लॅट म्हणजे ४/५. अख्ख्या पत्त्यात ४/५ लिहिलं तर शीट त्याला हात लावत नाही. तेच एकट्या घरात ठेवलं की ती त्याला तारीख समजते. ४/५ म्हणजे ४ मे. आणि ७/१२ म्हणजे ७ डिसेंबर. आपल्याकडे कुणालाही ७/१२ म्हटलं की जमिनीचा उतारा आठवेल. शीटला मात्र त्यात ४५९९८ हा आकडा दिसतो, कारण तारीख ती ३० डिसेंबर १८९९ पासूनच्या दिवसांच्या मोजणीत साठवते. स्क्रिप्टने तो आकडा तारीख म्हणून उचलला आणि तास, मिनिटं, सेकंदांसकट लेबलावर लिहून टाकला.

हे मला त्या संध्याकाळी लगेच कळलं असं नाही. पहिली पाच मिनिटं मी दोन ग्राहकांच्या ओळी एकमेकींत मिसळल्यात का हेच शोधत होते. मग शीटच्या फ्लॅटच्या रकान्यावर नजर गेली. ‘बी ५०४’, ‘ए २’ असले नंबर घराच्या डाव्या कडेला चिकटलेले होते आणि मधूनमधून काही उजव्या कडेला. शीट अक्षरं डावीकडे लावते, आकडे आणि तारखा उजवीकडे. उजवीकडच्या ओळी बोटाने मोजत गेले. १९ निघाल्या.

अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती. त्या दिवशी पितरांना आंबा ठेवल्याशिवाय वर्षाचा पहिला आंबा तोंडाला न लावणारी घरं अजून आहेत, आणि आमच्या यादीत अशी घरं खूप आहेत. फ्लॅट नंबर नसलेली १९ खोकी पहाटे पुण्यात घेऊन फिरणाऱ्या ड्रायव्हरने काय करायचं? प्रत्येकाला फोन? पहाटे साडेपाचला?

फॉर्ममधला मूळ पत्ता शीटच्या पहिल्या पानावर जसाच्या तसा होता, त्यामुळे माहिती गेली नव्हती. पण स्टिकरचे कागद संपले होते. पुतण्याने मोजून तेवढेच आणले होते. म्हणजे १९ पत्ते हातानेच घालायचे. मी फोनवर वाचायचं, त्याने मार्करने लिहायचं. आई म्हणाल्या, “थांब, मी वही घेतंय.”

मी म्हटलं, “आई, वहीत या वर्षीचं काही नाहीये.”

“मागच्या वर्षीची तर आसा!”

आणि इथून पुढचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही. मी नाव वाचायची, आई वहीत ते नाव काढायच्या आणि मगच पुतण्याला ‘लिही’ म्हणायच्या. सहाव्या की सातव्या नावाला त्या थांबल्या. “ह्ये तर सदाशिव पेठेत रवतत.” मी पत्ता पुन्हा बघितला. पत्ता कोथरूडचा, पिनकोड मात्र ४११०३०. तो सदाशिव पेठेचा. कोथरूडचा ४११०३८. या ग्राहक आजोबांनी घर बदललं होतं, पत्ता नवा लिहिला आणि पिन सवयीने जुना. स्क्रिप्टने पिन बघून त्यांचं खोकं पेठांच्या ढिगात टाकलं होतं. लेबल कितीही स्वच्छ छापलं असतं तरी ते चुकीच्याच रस्त्याला गेलं असतं.

पुढे एकाच फोन नंबरावरून आलेल्या दोन ऑर्डरी आल्या. नाव एक, दिवस एक, दोन्ही दोन डझन. मी म्हटलं, हिने चुकून फॉर्म दोनदा भरलाय, एक काढून टाकूया. तशी दुहेरी ऑर्डर आपोआप रद्द करायची ओळ मी त्याच आठवड्यात स्क्रिप्टमध्ये घालणार होते. आई म्हणाल्या, “नको. ती दरवर्षी एक लेकीक देता.” दुसऱ्या ऑर्डरचा पत्ता नीट वाचला. सोसायटी तीच, इमारत दुसरी. तारखा छापल्यामुळे दोन्ही पत्ते मला सारखेच दिसले होते.

आणि एका नावापाशी वहीत नुसतं ‘लिफ्ट नाय’ एवढंच लिहिलेलं. त्या बाई ऐंशीच्या पुढच्या, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. मागच्या वर्षी ड्रायव्हर खालीच वॉचमनकडे खोकं ठेवून गेला होता आणि त्यांनी ते दोन दिवसांनी कुणाकडून तरी वर आणवलं. ते आईंनी लिहून ठेवलं होतं. माझ्या फॉर्ममध्ये त्याला जागाच नव्हती.

टेम्पो सात वाजून दहा मिनिटांनी निघाला. देवगडहून नांदगाव, फोंडा घाट, राधानगरी, मग कोल्हापूरहून हायवे. मला रात्री झोप लागली नाही. लेबलांची चूक सुधारली होती, तिची काळजी नव्हती. डोक्यात दुसरंच फिरत होतं. गेली पाच वर्षं मी समजत होते की आई वहीत पत्ते नुसते उतरवतात. उतरवणं हे यंत्राचं काम, म्हणून मी ते यंत्राला दिलं. पण लिहिता लिहिता त्या प्रत्येक पत्ता ओळखत होत्या, मागच्या वर्षीशी ताडून बघत होत्या, खटकलं तर मला विचारत होत्या. “अगो, ह्यांचो नंबर बदललो काय?” असं त्या फोनवर विचारायच्या आणि दमलेली मी मनात म्हणायची, आई उगाच वेळ घेतायत. मार्चमध्ये फॉर्म सुरू झाल्यावर त्या एकदाच म्हणाल्या होत्या, “माका आता कायच कळणा नाय, कोण घेता ता.” मी त्यांना म्हटलं होतं, आई, तुम्ही आता आराम करा.

पहाटे पाच चाळीसला ड्रायव्हरदादांचा वारज्याच्या पुलाजवळून फोन आला. त्यांना पिन आणि पत्ता दोन्ही वाचून दाखवले, आजोबांचं खोकं कोथरूडच्या ढिगात घ्यायला लावलं. दहापर्यंत ८६ खोकी पोचली. ७/१२ ची सुद्धा.

शनिवारी स्क्रिप्ट दुरुस्त केली. तांत्रिक दुरुस्ती दहा मिनिटांची होती. पत्त्याचे सगळे रकाने आधीच ‘प्लेन टेक्स्ट’ करून ठेवायचे, म्हणजे शीट त्यात अर्थ शोधत नाही. कुणी असं काही बसवत असेल तर फ्लॅट नंबर, पिनकोड, फोन नंबर, पैसे भरल्याचा क्रमांक, यांतलं काहीही शीटला आकडा म्हणून समजू देऊ नका. त्यांची बेरीज-वजाबाकी आपण कधीच करत नाही, ती अक्षरंच आहेत. आणि तपासणी स्वतःच्या पत्त्यावर करू नका, यादीतले सगळ्यात वेडेवाकडे दहा पत्ते काढून त्यांच्यावर करा.

दुसऱ्या दुरुस्तीला मात्र आठवडा गेला. ऑर्डर आपोआप रद्द करायचा विचार सोडला. त्याऐवजी स्क्रिप्ट आता फक्त शंका काढते: तोच फोन दोनदा आला, मागच्या वेळचा पिन वेगळा होता, पत्ता नेहमीपेक्षा फार लहान आहे. अशी ओळ पिवळी होते, बस. मग रोज दुपारी दोन वाजता देवगडच्या प्रिंटरवर त्या दिवसाची पूर्ण यादी निघते, मोठ्या अक्षरांत, उजवीकडे भरपूर कोरी जागा सोडून. आई चष्मा लावून पडवीत बसतात, एकेक नाव वाचतात, पेनाने खूण करतात, काही असेल ते कोऱ्या जागेत लिहितात. पंचवीस मिनिटं लागतात. पुतण्या त्या खुणा शीटमध्ये चढवतो. आईंची खूण नसलेल्या ओळीचं लेबल स्क्रिप्ट छापत नाही.

पाऊस सुरू झाल्यावर जूनमध्ये मी आठ दिवस देवगडला गेले. दुपारच्या वेळी आम्ही दोघी पडवीत पाचही वर्षांच्या वह्या घेऊन बसायचो. नाव आणि पत्ता यांच्यामध्ये मी एक नवा रकाना केला होता, त्याला नाव आईंनीच दिलं: ‘ध्यानात ठेवचा’. त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. साखरेचा त्रास, लहान फळ द्यायचं. सूनबाई फोन उचलत नाही, मुलाला करायचा. मागच्या साली फळात साका (आतून खराब झालेला गर) निघाला होता, या वर्षी दोन फळं जास्त. लिफ्ट नाही, खाली ठेवायचं नाही, वर नेऊन द्यायचं.