आमची ट्वेंटी आणि आठाचा आकडा

गोठ्याशेजारची ती रोल्स-रॉइस एका संस्थानिकांची, हे मी जन्मापासून ऐकत आलो. आजोबांनी ती संस्थानं विलीन झाल्यावर भंगाराच्या भावात घेतली, काही वर्षं चालवली आणि कडब्याच्या गंजीआड उभी केली. तिच्यात बसून आम्ही कैऱ्या खाल्ल्यात.

जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम आले आणि मी कागद काढले. आरसी बुकातला चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळेना. कुणा कारकुनाने कधीकाळी ३ चा ८ केलेला! आरटीओत तीन खेपा झाल्या. बाहेरचा एजंट म्हणाला, “साहेब, गाडीवरचाच आठ ठोकून घ्या ना.” हात जोडले.

शेवटी इंग्लंडला लिहिलं. पॉलर्सपरी नावाच्या गावात रोल्स-रॉइसप्रेमींचा क्लब आहे, डर्बीच्या कारखान्यातली चेसिस-कार्डं, म्हणजे एकेका गाडीच्या नोंदी, तिथे जपलेली आहेत. कंपनी तेव्हा इंजिनासकट नुसती चेसिस विकायची, बॉडी गिऱ्हाइकाने दुसऱ्या कारागिराकडून बांधून घ्यायची. कार्डाची प्रत आली. आकडा ३ च होता. गाडी १९२४ ची, ‘ट्वेंटी’ मॉडेलची, ३,१२७ सीसी, सहा सिलिंडर; १९२९ पर्यंत अशा एकूण २,९४० झाल्या. पण पहिला मालक कलकत्त्यातला इंग्रज व्यापारी निघाला. “म्हणजे मामंजी खोटं बोलायचे का?” आई आठवडाभर फुरंगटून होती.

दुरुस्तीला अडीच वर्षं गेली. इंजिनाने फारसं छळलं नाही, छळलं लाकडाने. ॲल्युमिनियमच्या पत्र्याखालचा ॲश नावाच्या विलायती लाकडाचा सांगाडा वाळवीने पोखरलेला. तिथे मी नमलो, सागवान घातलं. अस्सलपणाचे भक्त नाकं मुरडतील, मुरडू देत. पुढच्या चाकांना मात्र ब्रेक बसवू दिले नाहीत. १९२५ च्या आधीच्या ट्वेंटीला ते नसायचेच. मिस्त्री म्हणाला, “दादा, उतारावर मराल.” मग उतारावर नेत नाही.

नव्या नोंदणीला वीस हजार फी, मुदत दहा वर्षं, आणि गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही. नव्या पाटीवर ‘व्हीए’ अक्षरं येतात, पण आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. आम्ही आजोबांचाच ठेवला.

पहिल्या फेरीला आई मागे बसली. शेजारच्या काकूंना सरकायला सांगत म्हणाली, “इथे महाराज बसायचे.”