तुम्ही विचारलंत म्हणून: केशरी जॅकेट आणि रंगवलेली बंदूक

विस्कॉन्सिनमध्ये राहून शिकारीला जाणारा मराठी माणूस म्हटला की मंडळाच्या गणपतीत दोन प्रश्न ठरलेले. पहिला, घरी आईला माहीत आहे का? (आहे.) दुसरा जरा खोचक असतो: फोटोत तुम्ही भडक केशरी जॅकेट घालून उभे, आणि गॅरेजमध्ये बसून बंदुकीला मात्र झाडपाल्याचा रंग देता. नक्की लपायचंय की दिसायचंय?

दोन्ही. फक्त मोसम वेगळे आणि बघणारे डोळे वेगळे.

केशरी जॅकेट नोव्हेंबरातलं. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांचा बंदुकीचा सीझन सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. त्या दिवसांत कमरेच्या वरचे निदान ५० टक्के कपडे झगझगीत केशरी किंवा गुलाबी असावेच लागतात, असा इथला कायदा आहे. गुलाबीची भर २०१६ साली पडली. रानात तेव्हा इतकी माणसं असतात, की माणूस माणसाला लांबून दिसणं सगळ्यात महत्त्वाचं. आणि हरणाचं म्हणाल, तर लाल रंग टिपणाऱ्या पेशी त्याच्या डोळ्यात नसतातच, त्यामुळे आपल्याला डोळ्यात खुपणारा केशरी त्याला तसा भडक दिसत नाही. निळा मात्र ते आपल्यापेक्षा चांगलं बघतं. म्हणजे पानाफुलांचा महागडा शर्ट आणि खाली निळी जीन्स हा उलटा कारभार झाला. कपडे ‘उजळ’ करणारी धुण्याची पावडर वापरली तर तो शर्टही गेलाच, कारण त्या उजाळ्यात निळी झाक असते.

रंगवलेली बंदूक वसंतातली, रानटर्कीसाठी. विस्कॉन्सिनमधून हा पक्षी पार संपला होता. १९७६ साली मिसूरीहून आणून पुन्हा सोडला आणि आता शेताच्या कडेने कळप फिरतात. टर्कीला वास घेऊन माणूस ओळखता येत नाही, पण नजर विलक्षण, आणि रंग तिला आपल्यापेक्षा जास्त दिसतात. त्या सीझनला केशरीची सक्ती नाही. खांद्यांपेक्षा रुंद बुंधा बघायचा, त्याला पाठ लावायची आणि नराला मादीच्या आवाजात हाका मारत बसायचं. अशा वेळी लाल, पांढरं, निळं काहीही अंगावर नको. रुमालसुद्धा नको. नराच्या डोक्यावर नेमके हेच तीन रंग असतात, आणि दुसरा शिकारी तुम्हालाच टर्की समजू शकतो.

आता रंगाकडे. लोकांना वाटतं, नक्षी हुबेहूब जमली पाहिजे. माझं मत उलटं आहे. नक्षी ही माणसाची हौस. पक्ष्याला सावध करते ती चमक, आणि सरळसोट नळीची सलग रेघ. रानात इतकी सरळ वस्तू दुसरी नसते. चमक मारली आणि रेघ मोडली की नव्वद टक्के काम झालं.

मी हे काम भर उन्हाळ्यात करतो, कारण इथल्या थंडीत स्प्रे धड वाळत नाही. बंदूक रिकामी आहे ना ते दोनदा बघायचं, काडतुसं गॅरेजच्या बाहेर. गॅरेजचं दार सताड उघडं, आणि आत पाणी तापवायचा गॅसचा बंब असेल तर काम अंगणातच. स्प्रेचा वायू पेट घेतो. तोंडाला फडकं बांधून भागत नाही, रसायनांच्या वाफा अडवणारा मास्कच लागतो.

मग मास्किंग टेप. दुर्बिणीच्या काचा, घोडा, सेफ्टीच्या बटणाची लाल खूण, काडतूस बाहेर पडायची खिडकी, नळीचं तोंड आणि सिरीयल नंबर, एवढं सगळं झाकायचं. निम्मा वेळ इथेच जातो आणि जाऊ द्यावा. उरलेल्या भागावरचं तेल पुसून, बारीक पॉलिश पेपरने वरवर घासून, धातूला अस्तराचा एक हात. प्लॅस्टिकच्या दस्त्याला अ‍ॅसिटोन लावू नका, विरघळतो.

त्यावर वाळक्या गवताचा फिका, पूर्ण मॅट रंग. तो नीट वाळला की खरी मजा. अंगणातले नेच्याचे दोन झुपके आणि गवताच्या काड्या नळीवर आडव्यातिडव्या टेकवायच्या आणि वरून गडद तपकिरी रंगाचा हलका फवारा. काडी उचलली की खाली फिकी काडी उरते. मग पान थोडं सरकवून हिरवट रंगाचा हात. पान पृष्ठभागाला चिकटून असेल तर कड धारदार येते. बोटभर वर धरलं तर कड धूसर होते आणि पान मागे गेल्यासारखं वाटतं. दोन्ही मिसळायचे. इथे हात आवरणं अवघड. आणखी एक पान, आणखी एक, असं करत गेलं की सगळं मिळून एकच मळकट तपकिरी होतं आणि लांबून ती पुन्हा सरळ नळीच दिसते.

एक गोष्ट मात्र चित्रकाराकडून घेतलेली. अ‍ॅबट थेयर या अमेरिकन चित्रकाराने १८९६ साली मांडलं, की प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं ते उगीच नाही. ऊन वरून पडतं, पाठ उजळते, पोट सावलीत जातं, आणि दोन्ही एकसारखी दिसून गोलाई हरवते. म्हणून नळीच्या वरच्या अंगाला गडद रंग जरा जास्त, खालची बाजू फिकीच.

पाण्यात बुडवून फिल्म चढवायचं किट का नाही, हेही विचारतात. कोमट पाण्यावर छापील फिल्म सोडतात, तिच्यावर रसायन फवारलं की नक्षी सायीसारखी तरंगत राहते, आणि वस्तू तिरकी बुडवली की ती अंगाला चिकटते. बघायला झकास. पण खाचाखोचांत फाटते, वर क्लिअर कोट लागतो, आणि तो चमकदार निघाला तर सगळ्यावर पाणी. माझा डब्यातला रंग खरवडला गेला की पाच मिनिटांत नवा हात मारता येतो.

खरवडला जातोच. मे महिन्यात इथे डास आणि गोचिड्या असतात आणि डीट हे कीटक पळवणारं रसायन असलेली क्रीम माणसं हाताला चोपडतात. डीट रंग आणि प्लॅस्टिक दोन्ही मऊ करतं. त्याच हाताने दस्ता धरला की बोटांचे ठसे उठलेच. झाडावर बसताना बांधायच्या सुरक्षापट्ट्याला तर स्प्रे अजिबात लावायचा नाही. रंगातल्या रसायनांनी पट्टा आतून कमजोर झाला तर बाहेरून कळणारही नाही.

तिकडे महाराष्ट्रात शिकार १९७२ च्या कायद्याने बंद, तेव्हा बंदुकीचा प्रश्नच नाही. पण भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढायला कॅमेरा घेऊन जाणारे भाऊजी दरवेळी विचारतात, म्हणून सांगतो: ट्रायपॉडचे पाय वरच्याच पद्धतीने रंगवा, सरकणारा भाग टेपने झाकून. लेन्सला रंग नको. तिला कापडी टेप गुंडाळा आणि घरी आल्यावर सोडून ठेवा, खाली ओल धरते.