हेडसेटपासून श्रवणयंत्रापर्यंत : आमची वाटचाल

आमच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आवाज मोठा येईल असं काहीतरी द्या." या वाक्याशी भांडण्यातच आमची हयात गेली. मोठा आवाज मागणाऱ्याला बहुतेक वेळा आवाज येत असतो, शब्द कळत नसतात. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. स, श, फ ही मंडळी 4000 हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही वर राहतात. वय झालं किंवा गोंगाटात वर्षं गेली, की कानाचा हाच वरचा भाग आधी जातो. त्यात जुन्या पद्धतीचा फोन 3400 हर्ट्झच्या पुढचं पाठवतच नाही. मग सरसकट आवाज वाढवला की 'आ' कानठळ्या बसवतो आणि 'स' होता तिथेच राहतो. हे ज्याला पटलं तो आमचा झाला. ज्याला नाही पटलं तो 'त्यांच्याकडे', म्हणजे आमच्या स्पर्धकांकडे गेला. त्यांच्याबद्दल पुढे लिहितोच.

फर्म दोघांनी काढली. माझे भागीदार वयाने बरेच मोठे, नात्याने कोणी नव्हेत, पण मी त्यांना काकाच म्हणायचो. उभा जन्म टेलिफोन दुरुस्तीत गेलेला. हेडसेट हातात आला की मल्टिमीटरला हात लावायच्या आधी ते तो स्वतःच्या कानाला लावत आणि माइकवर हलकी फुंकर मारत. "आपला आवाज आपल्याला परत येतोय का ते आधी बघ," म्हणायचे. याला साइडटोन म्हणतात. तो नसेल तर बोलणारा नकळत ओरडायला लागतो, मग शेजारचा आवाज चढवतो आणि तासाभरात अख्खी खोली चढलेली असते. आजही कित्येक महागड्या हेडसेटांत साइडटोन सेटिंगमध्ये बंद पडलेला असतो आणि कोणी बघत नाही.

सुरुवातीचं काम म्हणजे तुटक्या वायरी, फाटलेले फोम आणि चार टप्प्यांची 3.5 मिमीची पिन. या पिनेने आम्हाला बरंच पोसलं. तिची जोडणी दोन प्रकारची, सीटीआयए आणि ओएमटीपी. दोन्हींत माइक आणि ग्राउंड यांच्या जागांची अदलाबदल. एका प्रकारचा हेडसेट दुसऱ्या प्रकारच्या खाचेत घातला की आवाज पोकळ येतो, मधला बोलणारा माणूस गायब आणि कडेकडेचं तेवढं ऐकू येतं. वायरीवरचं बटण दाबून धरलं की सगळं ठीक, सोडलं की पुन्हा तेच. "हेडफोन जळाला" म्हणून लोक घेऊन यायचे, आम्ही छोटा अडॅप्टर लावून परत पाठवायचो. नवा हेडफोन गळ्यात मारता आला असता. मारला नाही, एवढं लिहून ठेवतो.

आता ते प्रकरण. फोनवर काम चालणारं एक मोठं ऑफिस होतं, शेकडो खुर्च्या. आम्ही नमुने दिले, माणसांच्या कानावर बसवून दाखवले, दांडीचा माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर कसा ठेवायचा ते शिकवलं. तोंडी होकार मिळाला. त्या भरवशावर आम्ही पुरवठादाराकडून उधारीवर माल उचलला. दोन्ही कानांचे, दांडीवाले, आजूबाजूचा आवाज गाळणाऱ्या माइकचे हेडसेट. आणि ऐन वेळी 'ते' आले. त्यांच्या खोक्यावर ठळक अक्षरांत 'नॉइज कॅन्सलिंग' छापलेलं. साहेबांनी खोका बघितला आणि ऑर्डर तिकडे गेली.

कोणाचा नॉइज आणि कोणासाठी कॅन्सल, हे एकानेही विचारलं नाही. खोक्यावरचं ते एएनसी, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन, फक्त घालणाऱ्याच्या कानासाठी असतं. बाहेरची घरघर माइकने पकडायची आणि तिची उलटी लाट कानात सोडायची. कल्पना जुनी आहे, जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना तिचं अमेरिकी पेटंट 1936 साली मिळालं. पंखा, एसी, इंजिन असल्या सततच्या खालच्या आवाजावर ती उत्तम चालते. साधारण 1000 हर्ट्झच्या वर तिचा फारसा इलाज चालत नाही, तिथे कानावर नीट बसलेली गादीच कामाला येते. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस काही पंख्यासारखा एकसुरी बोलत नाही. आणि पलीकडच्या माणसाला काय ऐकू जाणार, हे तर बोलणाऱ्याच्या माइकवर ठरतं. त्या खोक्यातला माइक दांडीशिवायचा, कपाच्या कडेला बसवलेला. व्हायचं तेच झालं. फोनच्या पलीकडची माणसं विचारायला लागली, "तुमच्याकडे बाजार भरलाय का?"

मग आम्हाला बोलावणं आलं. माल घ्यायला नव्हे हो, "जरा बघून सांगा" म्हणून. आम्ही गेलो. रांगेरांगेने बसून आवाज मोजले, कुठल्या खुर्चीला काय लागेल ते लिहून दिलं, बिल दिलं. अहवाल त्यांनी ठेवून घेतला. बिलाचे पैसे अजून यायचेत.

इकडे आमच्या गोडाऊनमध्ये खोके छताला लागलेले आणि पुरवठादाराचा माणूस दिवसाआड दारात. पगार थकले, दोन मुलं सोडून गेली, त्यातला एक थेट 'त्यांच्याकडेच'. काका म्हणाले, "माझा वाटा मी काढत नाही, तू माल सुटा विक." एवढ्यावर दुकान उघडं राहिलं. सुटा विकायला बसलो म्हणूनच आमच्या बाई आम्हाला भेटल्या.

बाई फोनवरून दुभाषाचं काम करायच्या. दोन्ही कानांमागे श्रवणयंत्रं. सगळीकडे त्यांना एकच सल्ला मिळालेला, यंत्रं काढा आणि हेडफोन घाला. यंत्रं काढली की शब्द जायचे, ठेवली की शिट्टी. काकांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि हेडफोनचा कप कानाच्या भोकावरून उचलून बोटभर वर सरकवला. शिट्टी थांबली. बाई थबकल्या, मग म्हणाल्या, "परत बोला." कारण साधं आहे. कानामागच्या यंत्राचा माइक कानाच्या वरच्या टोकाशी असतो, भोकात नसतो. स्पीकर यायला हवा तिथे. घट्ट, छोटा कप दाबून बसला की कानातून गळणारा आवाज आतच अडकतो, परत माइकात शिरतो आणि यंत्र शिट्टी मारतं. आम्ही त्यांना खोल, मोठ्या कपाचा हेडसेट दिला, आत फोमचं जादा कडं घालून. पुढे त्यांच्या यंत्रात टेलिकॉइल, म्हणजे स्पीकरचं चुंबकीय क्षेत्र थेट पकडणारी बारीक तारेची गुंडाळी आहे हे कळलं, तेव्हा तर माइकची भानगडच मिटली. त्यांनी आपल्या ओळखीतली माणसं पाठवली, त्या माणसांनी आणखी. माल संपला, देणी फिटली. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञ मॅडम ठरल्या दिवशी बसायला लागल्या आणि फर्म श्रवणयंत्रांकडे वळली.

मधली वर्षं बरी गेली. 2020 मध्ये सगळेच घरून कामाला लागले, तेव्हा तर श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

'ते' मात्र सुधारले नाहीत. कानात घालायचा साधा अ‍ॅम्प्लिफायर 'श्रवणयंत्र' म्हणून विकायला लागले. त्यात दारावरची बेल, भांडी आणि माणूस सगळं एकाच पटीने वाढतं. खरं यंत्र ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे कुठल्या पट्टीत किती ऐकू येतं त्याच्या आलेखाप्रमाणे, पट्टीपट्टीने बसवावं लागतं. हळू आवाज जास्त उचलायचा, मोठा कमी, वर मर्यादा घालायची. मग कानात बारीक नळी सरकवून पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोचतोय ते मोजायचं. या मोजणीचं मशीन घेतलं तेव्हा लोक म्हणाले, पैसे जास्त झालेत का? मला त्या मशीनइतकाच आमचा जुना स्टेथोक्लिप प्यारा आहे. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखा, पण टोकाला यंत्र जोडायचं. यंत्र 'मेलं' म्हणून येतं, स्टेथोक्लिपने ऐकलं की खरखर कळते, मळाची जाळी बदलली की जिवंत होतं. नाहीतर बॅटरी. झिंक-एअर सेलचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा खाऊ द्यायची असते, लोक लगेच दार लावतात आणि सेलला शिव्या घालतात.

विचारलं नाहीत तरी सांगतो. खोक्यावरचं 20 ते 20000 हर्ट्झ वाचून हेडसेट घेऊ नका, बोलणं कळण्याशी त्याचा संबंध नाही. दुकानात गाणं लावून बघू नका, आपल्या कामाचा एखादा कॉल लावा, चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट अर्धा तास घाला. काडीपाशी गादी उचलली जाते आणि तिथूनच गोंगाट शिरतो. ब्लूटूथवर मीटिंग सुरू झाली की आवाज एकदम डबक्यात पडतो ना? हेडसेटचा माइक चालू होताच जोडणी कॉलच्या पद्धतीवर जाते, जुन्या प्रकारात सेकंदाला आवाजाचे 8000 नमुने, सुधारितात 16000. खोली शांत असेल तर माइक लॅपटॉपचा निवडा, ऐकणं सुधारेल. गोंगाटात बसून आवाज वाढवत जाणाऱ्यांसाठी कानाला झेपणारी दिवसाची मर्यादा : 85 डेसिबल आठ तास, 88 ला चार, 91 ला दोन. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर आमच्याकडे येऊ नका, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. तिथे दिवस मोजून असतात.

हल्ली 'त्यांच्याकडची' शिट्टी मारणारी यंत्रं आमच्या टेबलावर येतात. आम्ही दुरुस्त करतो, पैसे घेतो, पावतीवर काय बिघडलं होतं ते सविस्तर लिहितो. काका आता येत नाहीत, पण पावती वाचून दाखवली की फोनवर हसतात. हिशेब मुलगा बघतो. त्या ऑफिसचं बिल बुडीत खात्यात टाकू का, असं तो दर मार्चला विचारतो. मी नाही म्हणतो.