थोडे म्हणजे किती?

आज परत तिची फाइल काढली. तिकडून पहिला फॉलोअप रिपोर्ट आलाय, तो लावायचा होता म्हणून, पण मग तासभर तीच घेऊन बसले.

मी नाशिकच्या एका दत्तक संस्थेत सोशल वर्कर आहे. तान्हं बाळ दत्तक गेलं की लोक पेढे मागतात, नऊ वर्षांची पोरगी इटलीला जाते म्हटलं की विचारतात, इथे कोणी मिळालं नाही का? नाही मिळालं. आपल्याकडची जोडपी वर्षानुवर्षं वेटिंगला असतात पण बहुतेकांना दोन वर्षांच्या आतलंच हवं, मोठ्या मुलाचा फोटो बघून पुढे सरकतात आणि मग ते मूल परदेशातल्या लोकांना दाखवलं जातं. एका नातेवाईक बाईंनी तर मला विचारलं, विकता का गं तुम्ही? परदेशी दत्तकासाठीचा आंतरराष्ट्रीय हेग करार 1993 चा, भारत 2003 पासून त्यात आहे, काराची म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाची एनओसी लागते, पाच वर्षांच्या वरच्या मुलाची स्वतःची संमती लागते, हे सगळं त्यांना सांगायचा कंटाळा आला.

ही पोरगी पाच वर्षांची असताना आली. आई द्राक्षाच्या बागेत मजुरीला, पेठकडची का सुरगाण्याकडची ते नीट कळलंच नाही. शेजारणीकडे ठेवून गेली ती गेलीच. पोलिसांनी शोधलं, पेपरात फोटो दिला, चार महिने वाट बघितली, मग बालकल्याण समितीने ती दत्तकासाठी मोकळी केली. पहिल्या दिवशी तिने मला सांगितलेलं वाक्य मी रिपोर्टमध्ये जसंच्या तसं टाइप केलंय: "आई म्हणाली थोडे दिवस थांब, द्राक्षं संपली की येते."

तयारी मी चांगली करते, हे मीच सांगते. इटलीतल्या घराचा अल्बम, प्रत्येक फोटोखाली मराठीत ओळ, हा तुझा पलंग, हे मांजर, हे दोन भाऊ, एवढंच काय बाथरूमचा नळ कसा फिरवायचा तेसुद्धा. दर शनिवारी एक पान. वरण-भाताचं काय हा तिचा मुख्य प्रश्न होता, त्या बाईंनी कुकर घेतल्याचा फोटो पाठवला तेव्हा कुठे तिचं समाधान झालं.

इटलीहून नवे आई-वडील दोघं आले, दत्तकाचा आदेश झाला, वडील आठ दिवसांनी परत गेले कारण तिकडे ती दोन पोरं आजीकडे. नवी आई थांबली पोरीच्या पासपोर्टसाठी, कॉलेज रोडला एक फ्लॅट घेतला होता. पासपोर्ट अडकला तो नावाच्या स्पेलिंगमध्ये. एका कागदावर एक ए जास्त, आणि तो मी टाइप केलेला.

रोज रात्री आठला व्हिडिओ कॉल, तिकडे तेव्हा साडेचार. धाकटा पाच वर्षांचा, तो फोनवर यायचाच बंद झाला. वडील फोन घेऊन त्याच्या मागे, तो टेबलाखाली, आम्हाला दिसायचे फक्त तळपाय. त्या दिवशी बाईंना रडू फुटलं, त्याला काहीतरी सांगत होत्या, पोरगी मला म्हणाली काय म्हणते ही? आणि मी गडबडीत सांगून टाकलं, "म्हणते थोडेच दिवस, मग येते मी."

ती उठली, बॅग उघडली आणि भरलेले कपडे एकेक काढून पलंगावर ठेवायला लागली. बाईंना वाटलं झोप आली. मला कळलं.

बऱ्याच वेळाने बोलली, "थोडे म्हणजे किती? त्याला आकडा सांग म्हणावं."

मी अंदाजाने अकरा म्हटलं. तिने कागदावर अकरा चौकोन काढले आणि रोज कॅमेऱ्यासमोर एक खोडायला लागली. तिसऱ्या रात्री तळपायांच्या जागी अर्धं तोंड दिसलं. ऑफिसात सांगितलं तर आमच्या अधीक्षिका म्हणाल्या, मुलं विसरतात गं लवकर. त्या प्रत्येक मुलाबद्दल हेच म्हणतात, काय विसरतात ते एकदाही विचारलेलं नाही.

अकरा चौकोन संपले, पासपोर्ट आला नाही. तिने मला काही न विचारता आणखी तीन काढले आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. अंदाज परत चुकला असता तर काय केलं असतं, माहीत नाही. चौदाव्या दिवशी आला.

मुंबईला सोडायला मी गाडीत होते. कसारा घाटात बाईंना डुलकी लागली तेव्हा पोरगी हळूच म्हणाली, "आई आली तर सांगशील ना मी कुठेय?"

नियम असा की फाइल गोपनीय. अठराची झाली की ती स्वतः शोध घेऊ शकते, पण आईला इकडून पत्ता देता येत नाही.

मी म्हटलं हो.

"नक्की?"

"नक्की."